चंद्र स्पष्ट येतो, मग तळ्यावरचा खंड्या धूसर का? सुपरझूम कॅमेऱ्याने पक्ष्यांचे फोटो काढण्याआधी एवढं समजून घ्या

आकाशात नखाएवढा चंद्र. कोणीतरी झूमचं बटण दाबतं, चंद्र मोठा होत जातो आणि शेवटी स्क्रीनभर नुसते खड्डे दिसतात. निकॉनचा कूलपिक्स पी९०० हा कॅमेरा २०१५ मध्ये आला, तेव्हापासून असे व्हिडिओ सोशल मीडियावर फिरतायत. ते बघून अनेकांच्या डोक्यात एकच हिशोब होतो. चंद्र एवढा जवळ दिसतो, तर समोरच्या तळ्यावरचा खंड्या किती भारी दिसेल!

मग कॅमेरा घरी येतो, पहिल्याच रविवारी भिगवणची ट्रिप होते आणि माणूस दोन-तीनशे धूसर फोटो घेऊन परततो.

माझंही तेच झालं होतं. उजनीच्या काठावर मी पोहोचले तेव्हा दुपारचे साडेअकरा वाजले होते. समोर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. झूम पूर्ण ताणला, शटर दाबत सुटले. घरी येऊन बघते तर एकही फोटो धड नाही. कॅमेराच बिघडलाय की काय म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेल्या साळुंकीचा फोटो काढला. तिच्या डोळ्याभोवतीची पिवळी कातडीसुद्धा स्वच्छ दिसत होती. कॅमेरा ठणठणीत होता, त्याच्याकडून मी चुकीच्या वेळी चुकीचं काम करून घेत होते.

हे कॅमेरे आजकाल महागड्या मोबाईलच्या किमतीत मिळतात. म्हणून पैसे घालण्याआधी, किंवा घालून झाले असतील तर पुढच्या ट्रिपआधी, ते काय करू शकतात आणि काय नाही ते बघूया.

ब्रिज कॅमेरा म्हणजे नेमकं काय?

ब्रिज म्हणजे पूल. खिशातला छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा एका टोकाला, लेन्स बदलता येणारा डीएसएलआर किंवा मिररलेस दुसऱ्या टोकाला, आणि या दोघांच्या मधला तो ब्रिज कॅमेरा. दिसायला डीएसएलआरसारखा. हाताला पकड, डोळा लावायला व्ह्यूफाइंडर, शटर स्पीड वगैरे स्वतः ठरवायची सोय. पण लेन्स कायमची बसवलेली, ती काढता येत नाही. ज्या ब्रिज कॅमेऱ्याचा झूम फारच लांब असतो त्याला सुपरझूम म्हणतात.

पक्षी बघणाऱ्यांमध्ये हे कॅमेरे लोकप्रिय होण्याचं कारण साधं आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याची ६०० एमएम एफ/४ लेन्स घ्यायची तर एकट्या लेन्सचं वजन तीन किलोच्या घरात जातं आणि किंमत कित्येक लाखांत. निकॉन पी९५० मात्र साधारण एक किलोचा आहे आणि कॅननचा पॉवरशॉट एसएक्स७० जेमतेम ६०० ग्रॅमचा. गळ्यात अडकवून दिवसभर चालता येतं.

८३एक्स आणि २००० एमएम, या आकड्यांचा अर्थ काय?

इथे पहिली गफलत होते. एक्सचा आकडा म्हणजे कॅमेरा किती लांबचं दाखवतो ते नव्हे. सगळ्यात लांबचा झूम भागिले सगळ्यात रुंद दृश्य, एवढाच त्याचा अर्थ. पी९०० आणि पी९५० हे २४ ते २००० एमएम जातात, म्हणून ८३एक्स. २०१८ चा पी१००० हा २४ ते ३००० एमएम जातो, म्हणून १२५एक्स. एसएक्स७० हा २१ ते १३६५ एमएम, म्हणून ६५एक्स. पक्ष्यांसाठी तुलना करायची असेल तर एक्स विसरा, शेवटचा एमएमचा आकडा बघा.

आता तो आकडा झाडाखाली उभं राहून समजून घेऊ. तुमच्यापासून २० मीटरवर फांदीवर छोटा खंड्या बसलाय. त्याची लांबी साधारण १६ सेंटिमीटर. २००० एमएमला तुमची फ्रेम त्या अंतरावर जवळपास ३५ सेंटिमीटर रुंदीचं दृश्य दाखवते, म्हणजे खंड्या अर्धी फ्रेम भरतो. ६०० एमएमला तीच फ्रेम सव्वा मीटरच्या आसपास होते आणि खंड्या तिच्यात एका कोपऱ्यात मावतो.

फायदा उघड आहे. पण याची दुसरी बाजूही बघा. ३५ सेंटिमीटर म्हणजे साधारण शाळेच्या फूटपट्टीएवढी खिडकी. एवढ्याशा खिडकीतून झाडातला पक्षी शोधायचा आणि हातही हलू द्यायचा नाही!

एवढा झूम एवढ्याशा कॅमेऱ्यात बसतो कसा?

उत्तर सेन्सरमध्ये आहे. प्रकाश ज्याच्यावर पडतो आणि फोटो तयार होतो तो हा भाग. बहुतेक सुपरझूममध्ये १/२.३ इंची सेन्सर असतो. प्रत्यक्षात तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, क्षेत्रफळात याच्या तीसपट.

सेन्सर लहान असला की थोड्या लांबीच्या लेन्समधूनही खूप मोठं चित्र मिळतं. पी१००० च्या लेन्सची खरी फोकल लेंथ ५३९ मिलिमीटर आहे. ३००० हा आकडा फुल फ्रेमच्या भाषेत रूपांतर केलेला.

किंमत कुठे मोजावी लागते? प्रकाशात. पूर्ण झूमला पी९०० चं ॲपर्चर एफ/६.५ होतं आणि पी१००० चं एफ/८. म्हणजे खिडकी अरुंद आणि आतला सेन्सरही चिमुकला. प्रकाश कमी पडला की कॅमेरा आयएसओ वाढवतो आणि फोटोत दाणे दिसू लागतात. ते दाणे घालवण्यासाठी कॅमेरा चित्र गुळगुळीत करतो आणि त्या भानगडीत पिसांच्या रेषाही पुसल्या जातात. पक्षी तेलरंगात काढल्यासारखा दिसतो तो यामुळेच.

मग चंद्र सोपा आणि खंड्या अवघड का?

चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, खंड्या तळ्याच्या त्या काठावर. तरी चंद्राचा फोटो सोपा, याची तीन कारणं आहेत.

पहिलं, उजेड. चंद्राच्या प्रकाशित भागावर थेट ऊन पडलेलं असतं. खंड्या बहुतेक वेळा सावलीतल्या फांदीवर असतो.

दुसरं, हालचाल. चंद्र फ्रेममधून संथपणे सरकतो. खंड्या मान वळवतो, सूर मारतो, उडून जातो. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सांभाळतं, पक्ष्याची हालचाल नाही.

तिसरं कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित, ते म्हणजे हवा. उन्हात डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं ना? जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापते आणि गरम-थंड हवेच्या थरांतून येणारा प्रकाश थरथरतो. तापलेल्या माळावर, कोरड्या काठावर, उथळ पाण्यावर हेच चालू असतं. साध्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण २००० एमएमचा झूम पक्ष्याबरोबर मधल्या थरथरत्या हवेलाही मोठं करतो. चंद्र रात्री वर चढलेला असताना आपण तापलेल्या जमिनीलगतच्या हवेतून लांबवर बघत नसतो.

भिगवणला माझे फोटो याच कारणाने गेले होते. ट्रायपॉड असता तरी उपयोग झाला नसता, दहा लाखांची लेन्स असती तरी फारसा नाही. यावर इलाज एकच, वेळ बदलणं. सूर्योदयापासून पहिले दोन-अडीच तास आणि मावळतीआधीचा दीड तास. जमीन तापायच्या आत हवा स्थिर असते, ऊन तिरपं आणि मऊ असतं, आणि पक्षीही याच वेळी खाण्यासाठी जास्त हिंडतात.

कोणता कॅमेरा कोणासाठी?

एसएक्स७० हलका आहे, प्रवासात सोबत ठेवायला आणि नुकतं पक्षी बघायला लागलेल्यांना बरा. पी९५० मध्ये लांब झूमबरोबर रॉ फाइलची सोय आहे. पी९०० मध्ये ती नाही, त्यामुळे जुना पी९०० सेकंडहँड मिळत असेल तर हे लक्षात ठेवून भाव करा. पी१००० चा ३००० एमएम ऐकायला जबरदस्त आहे, पण कॅमेरा १.४ किलोचा आहे आणि त्या टोकाला हवा, उजेड आणि हात, तिघांचीही साथ लागते.

सोनीचा आरएक्स१० मार्क ४ या सगळ्यांपेक्षा वेगळा. त्याचा झूम फक्त ६०० एमएमपर्यंत, पण सेन्सर एक इंची, म्हणजे वरच्या कॅमेऱ्यांच्या चौपट क्षेत्रफळाचा. पूर्ण झूमला ॲपर्चर एफ/४, सेकंदाला २४ फोटो आणि फोकस चपळ. उडते पक्षी आणि कमी उजेड यांत तो पुढे, आणि किमतीतही पुढे. निकॉनचे पी९०० आणि पी१००० सेकंदाला सात फोटो काढतात, पण सातच काढून थांबतात. मग कार्डवर लिहून होईपर्यंत तुम्ही आणि पक्षी एकमेकांकडे बघत बसता. म्हणून त्यांच्यावर उडत्या घारीचा फोटो काढताच येत नाही असं नाही, पण त्या आशेवर ते विकत घेऊ नका.

सेटिंग कशी ठेवायची?

डिजिटल झूम आधी बंद करा. तो नवं काहीच दाखवत नाही, आहे तेच चित्र कापून ताणतो. निकॉनमध्ये डायनॅमिक फाइन झूम नावाने आकडा दुप्पट होतो, तोही डिजिटलच.

शटर प्रायॉरिटी मोड वापरा. शांत बसलेल्या बगळ्याला १/२५० पुरतं. सतत नाचणाऱ्या शिंपी किंवा चष्मेवाल्याला १/५०० किंवा जास्त. उडणाऱ्या पक्ष्याला १/१००० पासून पुढे.

आयएसओ ४०० पर्यंत निर्धास्त राहा, ८०० चालवून घ्या. त्यापुढचे फोटो पक्षी ओळखायला उपयोगी, भिंतीवर लावायला नाहीत.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनशी मैत्री करा. गडद झाडीसमोरच्या पांढऱ्या बगळ्याला कॅमेरा जास्त उजळ करतो आणि त्याची पिसं चुन्याच्या ढेकळासारखी होतात. तिथे उणे ०.७ किंवा उणे १ करा. याउलट, पांढऱ्या आभाळासमोर तारेवर बसलेला कोतवाल नुसती काळी आकृती होतो. तिथे अधिक १ करा.

फोकस एका लहान चौकटीवर ठेवा. मोठी चौकट ठेवली की कॅमेरा पुढची काडी पकडतो आणि मागचा दयाळ धूसर राहतो. शक्य असेल तर फोकस डोळ्यावर हवा. डोळा स्पष्ट असला की शेपटीतली कमी-जास्त चूक कोणी बघत नाही.

आणि एक छोटी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. पूर्ण झूमला हे कॅमेरे फार जवळचं बघू शकत नाहीत. पी९०० ला साधारण पाच मीटर आणि पी१००० ला सात मीटर अंतर लागतं. बाल्कनीतल्या चिमणीवर फोकस होत नसेल तर कॅमेरा दुकानात न्यायच्या आधी झूम थोडा कमी करून बघा.

पक्षी फ्रेममध्ये सापडतच नाही, काय करू?

हा नवशिक्यांचा सर्वात मोठा वैताग. युक्ती अशी की आधी नजर पक्ष्यावर ठेवा, मग नजर न हलवता कॅमेरा डोळ्याला लावा. सुरुवात कमी झूमने करा, पक्ष्याजवळची एखादी खूण पकडा, जसं की वाकडी फांदी किंवा लाल पान, आणि मग झूम वाढवा. पक्षी निसटला तर घाईने इकडेतिकडे फिरवू नका. निकॉनच्या या कॅमेऱ्यांवर लेन्सच्या बाजूला एक बटण असतं, ते दाबलं की दृश्य क्षणभर रुंद होतं, पक्षी सापडतो, आणि सोडलं की झूम परत जागेवर. कॅननमध्येही अशी सोय आहे.

स्क्रीनकडे बघत हात लांब करून फोटो काढू नका. व्ह्यूफाइंडर डोळ्याला टेकवा, कोपर छातीला चिकटवा, डावा तळवा लेन्सच्या खाली ठेवा. भिंत, झाड, गाडीची खिडकी, मिळेल तो टेकू घ्या.

सराव वेड्या राघूवर करा. हा पक्षी तारेवरून किडा पकडायला झेपावतो आणि बऱ्याचदा त्याच जागी परत येतो. तो गेला की कॅमेरा हलवू नका, वाट बघा. फोटोग्राफीतला संयम शिकवायला त्याच्याइतका चांगला मास्तर नाही.

किती जवळ जायचं?

इथे हा विषय कॅमेऱ्यापुरता राहत नाही.

झूम कितीही असला तरी अंतर कमी केलं की फोटो सुधारतो, हे खरं आहे. मधली हवा कमी होते, तपशील वाढतो. म्हणून २००० एमएम हातात असूनही पाय पुढे पडतात. आणखी दोन पावलं, आणखी दोन पावलं. मग पक्षी उडतो.

आपल्यासाठी तो हुकलेला फोटो असतो. पक्ष्यासाठी तो खर्च असतो. हजारो किलोमीटर उडून हिवाळ्यात आपल्याकडे उतरलेली बदकं आणि चिखलपक्षी इथे खाऊन परतीच्या प्रवासाची चरबी साठवतात. दिवसातून दहा वेळा त्यांना उठवलं तर ते साठवलेलं आपल्याच रीलपायी जळतं. नावाड्याला थव्यात नाव घालायला सांगणं, उडतानाचा फोटो मिळावा म्हणून टाळ्या वाजवणं किंवा दगड मारणं, हे सगळं त्यातच आलं.

पक्षी उडायच्या आधी सांगतो. तो खाणं थांबवतो, मान उंच करतो, तुमच्याकडे टक लावतो, अंग आखडून घेतो किंवा चालत दूर जायला लागतो. यातलं काही दिसलं की थांबा. तो पुन्हा चोच खाली घालेपर्यंत हलू नका, किंवा मागे या. सरळ त्याच्या दिशेने चालण्याऐवजी तिरकं चाला, खाली बसा. गाडीत बसून राहिलात तर अनेक पक्षी गाडीला घाबरत नाहीत. कॅमेऱ्याचा बीप आणि फोकसचा दिवा बंद ठेवा.

माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असेल तर ती पोझ देत नाहीये. तिचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये ठेवलेली अंडी, आणि तुम्ही त्यांच्या जवळ आहात. तुमच्यामुळे ती दूर राहिली तर तेवढा वेळ अंडी उन्हात तापतात आणि कावळ्याच्या नजरेत येतात. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने, खाली बघत परत फिरा.

कायदाही इथे स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. चांगला फोटो मिळावा म्हणून घरट्यासमोरची पानं तोडणारा माणूस कायद्याच्या भाषेत शिकारीच्या यादीत जाऊ शकतो. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणंही टाळा. त्याला हद्दीत दुसरा नर घुसल्यासारखं वाटतं आणि तो खाणंपिणं सोडून नसलेल्या शत्रूला हुडकत बसतो.

पोस्ट करताना काय सांभाळायचं?

वनपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर शतकभराहून जास्त काळ कोणाला ठामपणे दिसलंच नव्हतं. १९९७ मध्ये ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. आज अशा पक्ष्याचं घरट्याचं झाड कोणी स्टोरीला लोकेशन टॅगसकट टाकलं तर पुढच्या शनिवारी तिथे किती गाड्या उभ्या राहतील, विचार करा. म्हणून दुर्मीळ पक्षी, घुबडं आणि घरटी यांचं नेमकं ठिकाण लिहू नका. तालुका किंवा जिल्हा सांगितला तरी पुरे. पी९०० मध्ये जीपीएस आहे, ते चालू असेल तर मूळ फाइलमध्ये जागा नोंदली जाते, आणि व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की ती माहितीही सोबत जाते.

याउलट, साध्या पक्ष्यांचे साधे फोटो मात्र जरूर नोंदवा. ईबर्डसारख्या ठिकाणी तारीख, जागा आणि फोटो टाकला की कोणता पक्षी कुठे, कधी दिसला याची कायमची नोंद राहते. माळढोकसारख्या संवेदनशील पक्ष्यांचं नेमकं ठिकाण ईबर्ड स्वतःच लपवतं. इथे सुपरझूमची खरी कमाल दिसते. तळ्याच्या मध्यावर बसलेल्या पक्ष्याचा दाणेदार, मध्यम दर्जाचा फोटोही चोचीचा आकार आणि पायाचा रंग दाखवतो आणि ओळख पक्की करतो. दुर्बिणीने बघितलेलं सांगता येतं, फोटोतलं दाखवता येतं.

शेवटी, सुरुवात कुठून करायची?

घरापासूनच. बुलबुल, साळुंकी, तांबट, ढोकरी यांच्यावर महिनाभर हात बसू द्या. मग निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर गाठा. गोदावरी आणि कादवाच्या संगमाजवळचं हे अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, आणि तिथे पक्षी बघण्यासाठी मनोरेही आहेत. हिवाळ्यात जा, पहाटे पोहोचा, सूर्य पाठीशी ठेवा.

पुढच्या हिवाळ्यात मी उजनीला परत गेले, यावेळी सकाळी सातला. काठावरच्या एका दगडाला पाठ टेकवून बसले आणि तासभर हललेच नाही. शेकाट्यांचा एक घोळका चरत चरत स्वतःहून पुढे आला. मी तिसेक फोटो काढले, चार चांगले आले. निघायच्या वेळी मागे वळून पाहिलं तर ते तिथेच, चिखलात चोची घालून खात होते.